सगळे कॉम्प्युटर घेत आहेत, मुलीला इलेक्ट्रिकल हवे आहे

पत्र : आम्ही कराड तालुक्यातले. मिस्टरांचा फॅब्रिकेशनचा लहानसा वर्कशॉप आहे आणि दोन एकर ऊस आहे. वर्षाचे उत्पन्न पाच लाखांच्या आतच असते. मुलीला यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, एमएचटी-सीईटीत ९१.४ पर्सेंटाइल मिळाले. खुल्या प्रवर्गातून ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला काढून ठेवला आहे. तिला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग घ्यायचे आहे. पुण्यातले माझे दीर म्हणतात की इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल या शाखांच्या जागा रिकाम्या राहतात, सगळी हुशार मुले कॉम्प्युटरला जातात आणि आपण उलट दिशेला जाऊ नये. त्यांच्या ओळखीने एका कॉलेजात एआय अँड डेटा सायन्सची जागा मॅनेजमेंट कोट्यातून मिळू शकेल, पण चार वर्षांचा खर्च चौदा लाखांवर जातो. त्यासाठी एक एकर गहाण ठेवावी लागेल. ज्या शाखेला कोणी जात नाही, तिथे मुलीला घालावे का? – एक आई

ताई, तुमच्या पत्रातला ‘घालावे का’ हा शब्द वाचून मी थोडा थांबलो, कारण त्याच पत्रात तुम्ही लिहिले आहे की मुलीला काय हवे आहे ते तिने स्वतःहून सांगितले आहे. प्रवेशाच्या हंगामात माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ही गोष्ट फार क्वचित आढळते. बहुतेक मुलांना ‘कशाला स्कोप आहे’ एवढेच विचारायचे असते. म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. मुलीला इलेक्ट्रिकल घेऊ द्या, प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच, म्हणजे गुणवत्तेनुसार जागा देणाऱ्या सामाईक फेऱ्यांतूनच, घ्या आणि जमिनीला हात लावू नका.

आता तुमच्या दिरांच्या म्हणण्याकडे येतो, कारण ते सांगतात ती वस्तुस्थिती खोटी नाही, तिचा त्यांनी लावलेला अर्थ मला पटत नाही. २०१६-१७ च्या आसपास आपल्या राज्यात इंजिनिअरिंगच्या दर दहा जागांपैकी चार-पाच रिकाम्या राहत होत्या. देशभरातही पदवी, पदविका आणि पदव्युत्तर मिळून २०१४-१५ साली जवळपास ३२ लाखांवर गेलेली प्रवेशक्षमता २०२१ पर्यंत २३ लाखांच्या आसपास उतरली होती. नवी कॉलेजे काढायला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२० पासून स्थगिती दिली होती, ती २०२३ मध्ये उठली. पुढच्याच वर्षी चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादाही काढून टाकण्यात आली. त्यानंतर चित्र पालटले. २०२४-२५ साली महाराष्ट्रात सुमारे १ लाख ८० हजार जागांपैकी दीड लाखाच्या आसपास जागा भरल्या. म्हणजे इंजिनिअरिंगला विद्यार्थी परत आले आहेत, पण ते मुख्यतः कॉम्प्युटर आणि तिच्या भावंड शाखांच्या दारातून आत आले आहेत.

या आकड्यामागे जागा नेमकी कशी हलते, हे मी शिक्षक म्हणून ३१ वर्षे आतून पाहिले आहे. विनाअनुदानित कॉलेजाचा सारा खर्च फीवर चालतो, त्यामुळे रिकामी जागा म्हणजे चार वर्षांचा तोटा असतो. मेकॅनिकलची साठ जणांची तुकडी दोन वर्षे निम्मी राहिली की व्यवस्थापन ती बंद करण्याचा आणि कॉम्प्युटरच्या साठ जागा वाढवून घेण्याचा प्रस्ताव पाठवते. कॉम्प्युटरची एकच पाटी लावून भागत नाही म्हणून शेजारी एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, आयओटी अशा पाट्या लागतात. काही ठिकाणी त्या विषयांची खरी तयारी असते. अनेक ठिकाणी मात्र शिक्षक तेच असतात, संगणकांची खोली तीच असते आणि पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रमही बहुतांशी तोच असतो. तेव्हा ‘कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या’ या बातमीतून पालकांची मागणी वाढली एवढे खात्रीने कळते. उद्योगांची मागणी तेवढीच वाढली, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तुमच्या भागातले उदाहरण द्यायचे तर आल्याचे देतो. ज्या वर्षी आल्याला गाडीमागे चांगला दर मिळतो, त्याच्या पुढच्या वर्षी कराडपासून कोरेगावपर्यंत जो तो आले लावतो आणि सगळ्यांचा माल एकदम निघाला की दर कोसळतो. दर पाहून लागवड होते, पण माल त्या दराला विकला जात नाही, कारण मध्ये एक वर्ष गेलेले असते. इंजिनिअरिंगमध्ये हे अंतर चार वर्षांचे असते. अमेरिकेत १९७० च्या सुमारास, माणूस चंद्रावर उतरवून झाल्यावर, अंतराळ आणि संरक्षणावरचा खर्च आखडला, इंजिनिअर घरी बसले आणि मुलांनी त्या शिक्षणाकडे पाठ फिरवली. पुढे पदवीधरच कमी पडू लागले, तेव्हा पगार पुन्हा चढले. रिचर्ड फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने १९७६ साली नव्या इंजिनिअरांच्या पुरवठ्यातले आणि पगारातले हे चक्र आकडेवारीने मांडले. आपल्याकडेही ते अनेकदा फिरले आहे. १९६० च्या सुमारास धरणे, वीज आणि कारखाने यांसाठी माणसे हवीत म्हणून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली, तुमचे कराडचे कॉलेजही १९६० चेच आहे. पण त्या दशकाच्या उत्तरार्धात पंचवार्षिक योजनेलाच तीन वर्षे खंड पडला आणि पदवी घेतलेले तरुण नोकरीसाठी वणवण फिरू लागले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिल्यावर जागांचा प्रश्न सुटला, चक्र मात्र थांबले नाही. २००० साली सॉफ्टवेअरकडे लोंढा गेला आणि २००१-०२ च्या मंदीत तोच लोंढा अडकला.

या चक्रात माझाही एक सल्ला चुकला आहे आणि तो तुम्हाला सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. २०१२ साली मी ज्या कॉलेजात होतो, तिथे मेकॅनिकलच्या दोन्ही तुकड्या, म्हणजे १२० जागा, सर्वांत आधी भरत. चाकण, रांजणगाव भागात वाहन उद्योग जोरात होता. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलाला कॉम्प्युटर हवे होते, त्याने शाळेत असताना स्वतः एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता आणि तो मला वहीत लिहून दाखवत होता. मी त्याच्या वडिलांना म्हणालो, ‘सध्या मेकॅनिकलला तोड नाही, मिळत असेल तर सोडू नका.’ तो मुलगा २०१६ मध्ये बाहेर पडला, तेव्हा आमच्या दोन्ही तुकड्यांना मिळून पुरतील एवढ्या कंपन्याही आल्या नव्हत्या. शेवटी तो सॉफ्टवेअरमध्येच गेला, पण दोन वर्षे क्लास लावून आणि बरेच मन मारून. पुढे आमची दुसरी तुकडी बंद झाली. त्या दिवशी मी गर्दीकडे पाहिले आणि त्या मुलाच्या वहीकडे पाहिले नाही, याची टोचणी मला आजही आहे.

म्हणून कॉम्प्युटर वाईट आणि इलेक्ट्रिकल चांगले, असे मी म्हणणार नाही. तुमच्या मुलीने कॉम्प्युटर मागितले असते, तर मी तिला तेच घ्यायला सांगितले असते. त्या क्षेत्रात काम आहे आणि पुढेही राहील. पण तिथली दारे आता पूर्वीसारखी सताड उघडी नाहीत, हेही तुमच्या दिरांना सांगायला हवे. टीसीएससारख्या कंपनीची कर्मचारीसंख्या २०२३-२४ या आर्थिक वर्षात १३ हजारांहून अधिक घटली. नवख्या मुलांना जे साधे काम पूर्वी शिकाऊपणी मिळत असे, त्यातले बरेचसे आता यंत्रेच करू लागली आहेत. अशा वेळी तिथे टिकतो तो त्या विषयात मनापासून रमणारा. चौदा लाख खर्चून नाइलाजाने बसवलेल्या विद्यार्थ्याचे तिथे कठीण असते.

इलेक्ट्रिकलचा कस मी लावून पाहतो, आणि त्याची उणी बाजू आधी सांगतो. कारखान्यातला किंवा वीज क्षेत्रातला सुरुवातीचा पगार बहुधा सॉफ्टवेअरपेक्षा कमी असतो, नोकरीचे ठिकाण शहराबाहेर असू शकते, महावितरण किंवा महापारेषणची भरती दर वर्षी निघेलच याचा भरवसा नसतो आणि काही साइटवर मुलींसाठी साध्या सोयीही नसतात. हे सगळे मुलीने ऐकून घ्यावे आणि त्यानंतरही तिचे मन बदलले नाही तर निःशंकपणे पुढे जावे. दुसऱ्या बाजूला, तुमच्या घरापासून फार दूर नसलेला १,९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प आहे, शेताशेतावर सौर पंप बसत आहेत, छपरांवर पॅनेल येत आहेत, रस्त्यावर विजेच्या गाड्या वाढत आहेत आणि या प्रत्येक ठिकाणी वीज मोजणारे, वळवणारे, साठवणारे आणि सुरक्षित ठेवणारे माणूस लागते. शिवाय अनेक मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या भरतीच्या वेळी शाखा पाहत नाहीत, त्यामुळे इलेक्ट्रिकलच्या मुलीला त्या वाटेने जावेसे वाटले तर ती वाट बंद होत नाही. नव्या श्रेयांक रचनेत मुख्य शाखेच्या जोडीला दुसऱ्या विद्याशाखेतला मायनर, म्हणजे जोडविषयांचा लहान गटही घेता येतो. त्यात तिने प्रोग्रामिंग किंवा डेटाचे विषय निवडले, तर आजच्या वीज क्षेत्राला नेमके जे मिश्रण हवे आहे, ते तिच्याकडे असेल. आणि पूर्वी भरगच्च असे त्या वर्गात आता तीस-पस्तीस जण असतील, तर मोटारीच्या टर्मिनलला वायर जोडण्याची पाळी तिच्या हाताला आठवड्याला येईल. मोठ्या तुकडीत चार जण जोडतात आणि बाकीचे जर्नल उतरवून काढतात, हे मी स्वतः वर्षानुवर्षे पाहिले आहे.

मात्र रिकामी जागा नेहमीच शुभ नसते, हे विसरू नका. वर्ग लहान राहिला म्हणून कॉलेजाने शिक्षक कमी केले असतील आणि प्रयोगशाळा कुलुपात ठेवली असेल, तर तिथे जाऊन उपयोग नाही. म्हणून खरा शोध शाखेपेक्षा विभागाचा घ्यायचा आहे.

त्यासाठी ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज) भरण्यापूर्वी दोन-तीन कॉलेजांना स्वतः जा. सकाळी अकराच्या सुमारास जा आणि प्रवेश कक्षात न थांबता थेट इलेक्ट्रिकल विभागात मशीन लॅब पाहायची आहे म्हणून सांगा. मोटारींवर धूळ आहे की ग्रीसचे ताजे डाग आहेत, पॅनेलवरचे मीटर चालू आहेत की काटे तुटलेले आहेत, लॅब असिस्टंटला कुठले उपकरण कुठे आहे हे न शोधता सांगता येते का, एवढे पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. मग शिक्षक मोजा. तंत्रशिक्षण परिषदेचा निकष वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे, २०१८ पूर्वी तो पंधरामागे एक होता. साठ जागांच्या शाखेत चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी होतात, म्हणजे निदान बारा शिक्षक हवेत. हाच हिशेब तुमच्या दिरांनी सुचवलेल्या कॉलेजालाही लावा : तिथे त्या शाखेच्या २४० जागा असतील तर चार वर्षांचे ९६० विद्यार्थी आणि ४८ शिक्षक. विभागाच्या दारावरच्या फळ्यावरची नावे मोजा आणि त्यांतले किती जण त्या दिवशी हजर आहेत तेही विचारा. एनबीएचे, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचे, मानांकन कॉलेजाला मिळत नसून शाखेला मिळते, त्यामुळे फलकावर ‘मानांकित’ असे लिहिले असले, तरी ते इलेक्ट्रिकलला आहे का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहून घ्या. प्लेसमेंटचा आकडा सांगितला तर तो एकूण विद्यार्थ्यांचा की फक्त ‘पात्र’ ठरवलेल्यांचा, हे विचारा. सर्वांत मोठे पॅकेज ऐकून घेऊ नका, मधल्या विद्यार्थ्याला काय मिळाले ते विचारा.

आता पर्सेंटाइलबद्दल, कारण गेल्या वर्षीचा कट-ऑफ समोर ठेवून अनेक पालक यंदा फसणार आहेत असे मला वाटते. ९१.४ म्हणजे तिच्यापुढे परीक्षेला बसलेल्यांपैकी ८.६ टक्के विद्यार्थी आहेत. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात २०२४ साली सुमारे तीन लाख विद्यार्थी प्रत्यक्ष परीक्षेला बसले होते, यंदा ते सव्वाचार लाखांच्या आसपास गेले. तेव्हा याच पर्सेंटाइलला गेल्या वर्षी साधारण पंचवीस-सव्वीस हजार जण पुढे असते, यंदा छत्तीस हजारांच्या पुढे आहेत. म्हणून मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या यादीत प्रत्येक रकान्यात पर्सेंटाइलच्या वर जो गुणवत्ता क्रमांक छापलेला असतो, त्याच्याशी मुलीचा यंदाचा क्रमांक ताडून पाहा. ‘एल’ अक्षराने सुरू होणारे रकाने मुलींसाठी राखीव असलेल्या तीस टक्के जागांचे असतात, ते वेगळे वाचा. ईडब्ल्यूएसचा रकानाही स्वतंत्र असतो. एवढे केले की कोणती कॉलेजे आवाक्यात आहेत, कोणती काठावर आहेत आणि कोणती दूर आहेत, हे एका संध्याकाळीत कागदावर उतरेल.

यंदा, म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशांसाठी, चार फेऱ्या आहेत आणि नियम बदललेले आहेत. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते, दुसऱ्या फेरीत हे बंधन पहिल्या तीन पसंतींना आहे आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. त्यामुळे ‘बघू तरी मिळते का’ म्हणून कुणाच्या आग्रहाखातर वरच्या ओळींत न आवडणारी शाखा भरू नका, मिळाली तर मागे फिरता येणार नाही. क्रमवारीत आधी तुम्ही पाहून पसंत केलेल्या सरकारी, अनुदानित आणि स्वायत्त कॉलेजांचे इलेक्ट्रिकल लिहा, गुण काठावर असले तरी कराडचे आणि सांगलीच्या वालचंदचे नाव वर ठेवायला हरकत नाही, कारण वरच्या पसंती भरल्याने खालची संधी कमी होत नाही. त्याखाली शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातली, विभाग जिवंत असलेली खासगी कॉलेजे लिहा. मुलीला इलेक्ट्रिकलच्या जवळची दुसरी शाखा चालत असेल तर इलेक्ट्रॉनिक्स त्याखाली येऊ द्या.

राहिला प्रश्न पैशाचा, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातला सर्वांत काळजीचा भाग तोच आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा पूर्ण लाभ मिळतो. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला आहे, मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला नाही. म्हणजे दिरांनी सुचवलेल्या मार्गाने गेलात, तर नुसते चौदा लाख उभे करावे लागतील असे नाही, जे तिला हक्काने मिळू शकते तेही हातातून जाईल. शिवाय राज्यात कॅपिटेशन फीला (ठरलेल्या फीवर घेतल्या जाणाऱ्या देणगीला) बंदी घालणारा कायदा १९८७ पासून आहे आणि शुल्क नियामक प्राधिकरण फी ठरवते. तेव्हा ओळखीच्या माणसाने सांगितलेल्या रकमेतली किती पावतीवर येणार, हे दिरांनी लेखी विचारून पाहावे. उत्तर काय येते, त्यावरून त्यांनाही पुष्कळ उमगेल. वसतिगृह, खानावळ, पुस्तके, लॅपटॉप हा खर्च तुम्हाला करावा लागेलच. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची पात्रता पाहा आणि तरीही कमी पडले तर लहान शैक्षणिक कर्ज मुलीच्या नावावर घ्या. शेत गहाण ठेवून केलेल्या शिक्षणात मुलीच्या मनावर पहिल्या दिवसापासून परतफेडीचे ओझे बसते. एखादा विषय राहिला, केटी लागली, तर ती घरी सांगायलाही घाबरते. अशा मुली माझ्या केबिनमध्ये येऊन रडलेल्या मी पाहिल्या आहेत.

दिरांशी भांडू नका. त्यांना पुतणीची काळजीच वाटते आहे आणि त्यांनी पाहिलेल्या पुण्यात कॉम्प्युटरवाल्यांचीच घरे उभी राहिलेली आहेत. कॉलेज पाहायला जाल तेव्हा त्यांनाही सोबत घ्या. मशीन लॅबमध्ये मुलीला पुढे जाऊ द्या, प्रश्न तिलाच विचारू द्या आणि तिथल्या सरांना उत्तरे देताना आनंद होतो की कंटाळा येतो, हे तुम्ही दोघे मागे उभे राहून पाहा. त्याआधी या आठवड्यातच तहसील कार्यालयात जाऊन उत्पन्नाच्या दाखल्याची आणि ईडब्ल्यूएसच्या दाखल्याची तारीख तपासून घ्या. जुना निघाला तर नव्यासाठी अर्ज लगेच करा आणि पावती जपून ठेवा, कारण फेऱ्या सुरू झाल्या की सेतू केंद्रावर रांगा लागतात.